मुंबईची सहल आणि अधारणीय वेग

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘वैद्यराज, मुलांना घेऊन मुंबईला निघालो आहोत. बरोबर कोणती औषधे ठेवावीत?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी अनेक वर्षे औषधांची एक यादी लिहून देत असे. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या दोन मुलांना घेऊन मुंबईस जाण्याचा योग आला आणि ती यादी किती अपुरी आहे हे मला माझ्याच घरात कळले. तो अनुभव वैद्यबंधुभगिनींपुढे आणि औषधालय चालविणाऱ्या स्नेह्यांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यात माझी चूक आहे. ती झाकून लिहिल्यास लेखाचा उपयोग होणार नाही.

माझे पदवीचे शिक्षण वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयात झाले. त्यामुळे मुंबई आपल्याला पाठ आहे, असा माझा समज होता. मात्र विद्यार्थ्याची मुंबई वेगळी आणि चार वर्षांच्या मुलीच्या बापाची मुंबई वेगळी, हे ध्यानी आले नव्हते. मे महिन्यात मी, पत्नी, आई, सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची कन्या असे पाच जण सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो. पहाटे कल्याणला उतरून डोंबिवलीस चुलतबहिणीकडे मुक्काम केला. तीन दिवसांचा कार्यक्रम मी आधीच कागदावर आखला होता. पहिल्या दिवशी भायखळ्याची राणीची बाग, मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट आणि सायंकाळी गिरगाव चौपाटी. दुसऱ्या दिवशी गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र. तिसऱ्या दिवशी घारापुरीची लेणी. कागदावर सर्व काही बसत होते. त्यात मुलांच्या लघवीची, भुकेची आणि झोपेची वेळ मात्र कोठेही लिहिलेली नव्हती.

चूक कोठे झाली?

डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने तास-सव्वा तास लागतो. उपनगरी गाडीत शौचालय नसते. गर्दीत मध्येच उतरावे लागू नये म्हणून निघताना मुलांना पाणी बेताचेच द्यावे, अशी सूचना मी पत्नीस केली. ‘अहो, एवढ्या उन्हात पाणी कसं तोडायचं?’ असे तिने विचारलेही; पण वेळापत्रकाच्या भरात मी तिकडे दुर्लक्ष केले. ग्रीष्म ऋतू, समुद्रकाठची दमट हवा, घामाने निथळणारी मुले आणि पाणी तोडण्याचा सल्ला देणारा वैद्य! हेच वर्तन एखाद्या रुग्णाच्या पित्याने सांगितले असते, तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

दुपारी एका सार्वजनिक स्वच्छतागृहात कन्येला नेले, तर आतला अंधार, ओली जमीन आणि दुर्गंधी पाहून ती दारातूनच मागे फिरली. ‘थोडा वेळ धर बाळा, घरी गेल्यावर जाऊ,’ असे मी तिला सांगितले. ते घर दीड तासाच्या अंतरावर होते आणि आम्ही तेथे पोहोचलो रात्री नऊ वाजता. दुसऱ्या दिवशीही तीच गत झाली. जेवण तीन वाजता, दुपारची झोप नाही, सकाळचे शौच घाईत राहून गेलेले. परतीच्या लोकलमध्ये तिचा फ्रॉक ओला झाला आणि मी तिच्यावर रागावलो. ती रडू लागली तेव्हा लोक पाहत आहेत म्हणून तिला गप्प बसविले.

त्या रात्री तिला 102 अंश ताप भरला. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. उन्हाचा व श्रमाचा ज्वर आहे असे निदान करून मी पिशवीतील औषध काढले. पहाटेपर्यंत ताप हटला नव्हता आणि तिला एकदा उलटीही झाली. तेव्हा रात्रभर तिच्या उशाशी बसलेली माझी आई म्हणाली, ‘हिनं रात्रीत तीनदा अंथरूण ओलं केलंय. वर्षभरात एकदाही केलं नव्हतं. तू सगळ्या पेशंटांना विचारतोस ना, लघवी कशी होते म्हणून? मग हिला विचारलंस का?’

मी विचारले नव्हते. विचारले तेव्हा ओटीपोटावर हात ठेवून ती म्हणाली, ‘इथं दुखतं, बाबा. शू करताना आग होते.’

सकाळी जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे तिला नेले. त्यांनी औषध देण्यापूर्वी मूत्राचा नमुना घेऊन तो तपासणीस व कल्चरला पाठविला. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निश्चित झाला. प्रतिजैविकाचा पूर्ण क्रम झाला, पुढे सांगलीत सोनोग्राफी केली, ती निर्दोष आली आणि मूल बरे झाले. घारापुरी अर्थातच राहिली.

तेरांपैकी सहा

घरी परतल्यावर मी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय पुन्हा उघडला. ‘नवेगान्धारणीय’ हे त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. त्यात जे तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांची मी सहलीच्या दोन दिवसांशी तुलना केली. मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, निद्रा आणि अश्रू असे सहा वेग मी स्वतः माझ्या मुलीला धरावयास लावले होते. मूत्रवेग अडविल्याने बस्तिप्रदेशी शूल, मूत्रकृच्छ्र आणि शिरःशूल होतो, हे आपण प्रथम वर्षापासून पाठ करतो. ते परीक्षेत लिहिले होते. प्रवासाच्या कागदावर लिहिले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मूत्र एकदा धरले म्हणून प्रत्येक मुलास संसर्ग होतो असे नाही. परंतु पाणी कमी पडले, मूत्राशय वेळेवर रिकामे झाले नाही आणि त्यात मलावष्टंभाची भर पडली, की जंतूंना वाढण्यास अवसर मिळतो, हे आधुनिक शास्त्रही मान्य करते. लहान मुलींमध्ये हा धोका अधिक असतो. अपानाच्या विकृतीचा जो विचार आपल्याकडे आहे, तो मल आणि मूत्र या दोहोंना एकत्र पाहतो. मुलाला लघवीची तक्रार असताना शौचाची चौकशी करावी, हा त्याचा व्यवहारातील अर्थ होय.

शिवाय बालकाचे बल अल्प आणि धातू अपरिपक्व. त्यात ग्रीष्मात सर्वांचेच बल क्षीण असते आणि अध्वगमन हे वातप्रकोपाचे कारण आहे. मोठ्या माणसास एका दिवसात तीन ठिकाणे पाहणे जमते, म्हणून मुलास ते जमेल हा हिशेबच चुकीचा आहे.

पालकांना काय सांगावे?

आता मी सहलीस निघणाऱ्या पालकांना औषधाआधी पुढील गोष्टी सांगतो. दिवसाला एकच मुख्य ठिकाण ठेवावे आणि दुपारी मुलांना निजता येईल अशी सोय पाहावी. कोणत्याही स्थळी पोहोचताच प्रथम स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून ठेवावे. दर दोन-अडीच तासांनी, मुलाने मागणी केली नाही तरी, त्याला लघवीस न्यावे. खेळात आणि गर्दीत रमलेले मूल स्वतःहून सांगत नाही. पाणी थोडे थोडे पण वारंवार द्यावे. लघवीचा रंग गडद पिवळा दिसू लागला, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. सकाळच्या शौचासाठी अर्धा तास राखून मगच बाहेर पडावे. सोबत लाह्या, राजगिऱ्याचे लाडू, केळी यांसारखे साधे खाणे असावे आणि कपड्यांचा एक जादा जोड हाताशी असावा. मुलाच्या खिशात पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही पालकांनी ध्यानात ठेवावा.

वैद्यांसाठी आणि औषधालयांसाठी

प्रवासाहून परतलेल्या मुलास ताप आहे पण सर्दी, खोकला, जुलाब नाहीत, असे दिसल्यास ‘उन्हाचा ताप’ म्हणून मोकळे होऊ नये. मूत्राची चौकशी व तपासणी करावी. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा दिसणे, पोटात दुखणे, उलटी, वारंवार थोडी थोडी लघवी ही लक्षणे मुद्दाम विचारावीत. नमुना प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी घेतला जावा, अन्यथा कल्चरचा उपयोग राहत नाही. तीन महिन्यांखालील अर्भकास ताप असेल तर त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. धणे-जिऱ्याचे पाणी हे पेय म्हणून उत्तम आहे. सिद्ध झालेल्या संसर्गाला मात्र ते पर्याय नव्हे. आपल्या शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्याने त्याच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत.

औषधालयांच्या संचालकांना दोन विनंत्या आहेत. प्रवासासाठी जलसंजीवनी मागणाऱ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच पुडी द्यावी. एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम हे तिचे प्रमाण वेष्टनावर पाहून घ्यावे. नावात ‘ओआरएस’ असलेली गोड पेये या कामाची नव्हेत. 2025 च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाईही केली. दुसरे असे, की ‘प्रवासात जुलाब लागले तर असू द्या’ म्हणून लहान मुलांसाठी स्तंभक औषध हातावेगळे करू नये. कर्पूररसासारख्या अहिफेनयुक्त कल्पांविषयी तर हे कटाक्षाने पाळावे. त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते, ती शोभेसाठी नव्हे.

गतवर्षी आम्ही पुन्हा मुंबईस गेलो. दिवस दोन आणि ठिकाणे दोनच. राणीच्या बागेत कन्या पेंग्विनच्या काचेपुढे पाऊण तास उभी राहिली आणि मी तिला ‘चल’ म्हटले नाही. दुपारी बहिणीकडे येऊन सर्व जण झोपलो. म्हातारीचा बूट पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला आहे.

औषधांची यादी मी आजही लिहून देतो. फक्त त्या कागदाची पहिली ओळ आता औषधाची नसते. ‘मुलाने मागितले की लगेच थांबावे,’ एवढेच तीत लिहिलेले असते.