‘पर्सेपोलिस’ : कागदावरील आणि पडद्यावरील

चित्रकथेवरून चित्रपट करताना मूळ कृतीशी इमान राखणे म्हणजे तिच्यातील झाडून सारे प्रसंग पडद्यावर हजर करणे, असा जो समज रसिकांत बद्धमूल झालेला आहे, त्याची परीक्षा घ्यावयाची असेल तर मर्जान सत्रापी ह्या इराणी लेखिकेच्या ‘पर्सेपोलिस’इतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण येथे चित्रकथेची कर्तीच, व्हँसाँ पारोनो ह्या सहकाऱ्यासमवेत, चित्रपटाची दिग्दर्शिका झाली, आणि स्वतःच्या ग्रंथात वाटेल ती काटछाट करण्याचे मुखत्यारपत्र तिच्यापाशी मुळातच होते.

तेहरानमधील बालपण, इस्लामी क्रांती, इराकशी युद्ध, व्हिएन्नातील एकाकी वास्तव्य, स्वदेशी पुनरागमन आणि अखेरचे देशांतर अशी ही आत्मकथा २००० ते २००३ ह्या काळात फ्रान्समध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाली. चित्रे निखळ काळी-पांढरी. करड्या छटेला तेथे मज्जावच! त्या कठोर द्विवर्णाचे सामर्थ्य एका पृष्ठावर परमोत्कर्षास पोचते : वर, स्वर्गाची किल्ली म्हणून दिलेली प्लास्टिकची किल्ली गळ्यात अडकवलेले गरीब घरांतील पोरगे सुरुंगांच्या शेतात उडत आहेत, आणि खाली, भोके पाडलेला स्वेटर घालून मर्जान आपल्या पहिल्या मेजवानीत नाचते आहे. दोन्ही आकृतिबंध इतके सारखे की डोळा खाली-वर हिंडत राहतो, आणि सुखवस्तू बाल्याची ती लाज वाचकाला स्वतःची वाटू लागते. चित्रपटात दृश्य दृश्यामागून येते व निघून जाते. तेथे कालाची सूत्रे प्रेक्षकाच्या हाती नसतात. शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडल्यानंतर ढिगाऱ्यात मैत्रिणीचे कंकण दिसते, त्यापुढील चौकट ग्रंथात संपूर्ण काळी आहे. तिच्यापाशी किती थांबावे हे ठरविण्याचा अखत्यार कागदावर वाचकाचा असतो.

परंतु २००७ च्या चित्रपटाने जे नव्याने कमावले तेही थोडे नव्हे. हाताने रेखाटलेल्या त्या चलच्चित्रांत करड्या छटा येतात, आणि पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर बसलेल्या प्रौढ मर्जानचे वर्तमान रंगीत दाखवून सारा इराण स्मृतीच्या कोटीत ढकलला जातो. ग्रंथात ही चौकट नाही, तेथे कथा १९८० मधील दहा वर्षांच्या मुलीपासून सरळ सुरू होते. दानिएल दारिओ ह्या वृद्ध अभिनेत्रीच्या आवाजाने तर आजीला असा फटकळ जिव्हाळा दिला आहे की ग्रंथातील आजी त्यापुढे किंचित अबोल भासावी. तोटा सोसला तो व्हिएन्नाने. ग्रंथाचा संपूर्ण तिसरा खंड व्यापणारे ते परवड-पर्व पडद्यावर घाईने आटोपते, आणि निर्वासित मुलीची आत्मवंचना निव्वळ प्रेमभंगाच्या विनोदावर निभावली जाते, हे मला अक्षम्य वाटते.

माध्यम बदलले की जोखीमही बदलते. बालमर्जानशी बोलणारा दाढीधारी ईश्वर ग्रंथातही आहे. पण ऑक्टोबर २०११ मध्ये ट्युनिशियातील नेस्मा वाहिनीने तोच ईश्वर स्थानिक बोलीत घरोघरी पोचविला, तेव्हा रस्त्यांवर निदर्शने झाली, खटला चालला, आणि मे २०१२ मध्ये वाहिनीच्या प्रमुखास २,४०० दिनार दंड झाला.

कान महोत्सवाच्या ज्युरी पारितोषिकाचा मान चित्रपटाला मिळाला व तो यथायोग्यच होता. तथापि दोहोंत श्रेष्ठ कोण असा प्रश्न कुणी घातलाच तर माझा कौल ग्रंथाच्या बाजूने पडेल, आणि तोही मुख्यतः तिसऱ्या खंडासाठी.