माहिती चौकट : फुटबॉलपटू ओइनाम बेमबेम देवी, मैदानातली ‘दुर्गा’

जन्म : ४ एप्रिल १९८०, इम्फाळ (मणिपूर). जागा : मधली फळी. जर्सी : ६ क्रमांक.

सुरुवात : मुलांच्या संघात खेळता यावं म्हणून लहानपणी ‘बोबो’, ‘अमको’ अशी मुलांची नावं सांगितली. १९९५मध्ये, पंधराव्या वर्षी, भारताकडून पदार्पण, समोर ग्वाम.

शिखर : सॅफ (दक्षिण आशियाई) महिला अजिंक्यपद २०१०, २०१२ आणि २०१४. तिन्ही वेळा भारत विजेता.

परदेशी क्लब : २०१४, मालदीवचा न्यू रेडियंट.

निरोप : फेब्रुवारी २०१६, शिलाँग. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेपाळवर ४-० मात. निवृत्ती फक्त आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरती! पुढच्याच वर्षी पहिल्या इंडियन वुमेन्स लीगमध्ये ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनकडून उतरल्या, संघ विजेता.

सन्मान : अर्जुन पुरस्कार २०१७ (महिला फुटबॉलमध्ये त्याआधी १९८३मध्ये शांती मलिक), पद्मश्री २०२०.

महाराष्ट्रात : २०२२चा महिला फुटबॉलचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. चीन विजेता.

हिंगोलीतल्या शाळांसाठी : सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींचा गट असतो. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी.