त्रिकोणांची गोधडी

पैठण दरवाजातून टिळक पथाने सरळ पुढे गेले, म्हणजे गुलमंडी लागते. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. परंतु येथे येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरते ते कापड. दुकानांच्या दारांतून साड्यांचे पदर लोंबत असतात, आत पांढऱ्या गाद्यांवर कापडाचे तागे उलगडले जातात आणि लाकडी गजाने सर्‌सर् मोजले जातात. जवळच्या एका गल्लीचे नावच रंगारगल्ली आहे. या नगराला छत्रपती संभाजीनगर हे नाव 2023 साली अधिकृतपणे मिळाले. त्यापूर्वी ते औरंगाबाद होते, आणि त्याच्याही आधी, 1610 साली मलिक अंबराने वसवले तेव्हा, खडकी होते. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतील हबसाणचा. हे नाव ध्यानात ठेवावे. गोधडीच्या गोष्टीत आफ्रिकेचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

जेथे कापड विकले जाते, तेथे शिंपीही असतात. आणि जेथे शिंपी असतात, तेथे यंत्राच्या पायाशी चिंध्यांचा ढीग साचतो. झंपराच्या गळ्यातून निघालेला गोल तुकडा, बाहीच्या कडेची पट्टी, परकराचा उरलेला कोपरा. इतरांना हा केर वाटतो. गोधडी शिवणारी स्त्री मात्र त्यातला एकेक तुकडा उचलून उजेडात धरते, बोटांनी ताणून पाहते आणि पिशवीत टाकते.

गोधडी हे महाराष्ट्राचे फार जुने पांघरूण आहे. खाली एखादे जुने लुगडे, मध्ये विरलेल्या धोतरांचे व साड्यांचे थर, वर रंगीबेरंगी तुकड्यांची चादर, आणि या सर्वांना एकत्र धरणारा धावदोरा, अशी तिची रचना असते. जाड आणि जड असली तर तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी मऊ व लहान केली तर ते दुपटे होते. संस्कृतात अशा वस्त्राला कन्था हा शब्द आहे आणि बंगालमध्ये तो कांथा या रूपाने आजही चालतो. राजस्थान व सिंध या प्रांतांत तिला रल्ली म्हणतात. फाटके वस्त्र टाकून न देता ते जोडण्याची बुद्धी माणसाला जगात सर्वत्र झालेली दिसते. संत गाडगे महाराज (1876-1956) अंगावर ठिगळांचे वस्त्र पांघरून गावोगाव झाडू मारीत हिंडत. त्या वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडे महाराज असेही म्हणत.

गोधडीतील कापडाची एक अडचण आहे, आणि तिचा विचार शिवणाऱ्याने आधीच केला पाहिजे. गुलमंडीतल्या ताग्यातून कापड चुकीचे कापले गेले, तर आणखी हातभर कापड विकत घेता येते. पण आजीच्या एकुलत्या एक इरकली लुगड्याचा वीतभर धड भाग उरला असेल आणि तो चुकीचा कापला गेला, तर तसे दुसरे कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून गोधडीत कात्रीला घाई चालत नाही.

चौकोनी तुकडे जोडणे सोपे असते. त्रिकोण जोडू लागले की नवशिक्याची फजिती होते. तुकडे कापताना अगदी बरोबर दिसतात, पण शिवल्यावर त्यांची कड लाटेसारखी वर-खाली होते आणि टोके जुळत नाहीत. हाताला दोष द्यावा तर टाके सरळ असतात. मग चूक कोठे होते?

चूक कापडाच्या विणीत दडलेली असते. मागावर विणलेल्या कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात, आणि आडवे धागे असतात, त्यांना बाणा म्हणतात. रुमाल दोन्ही हातांत धरून धाग्याच्या दिशेने ओढून पाहावा. तो फारसा ताणला जात नाही, कारण सरळ धागा लांबत नाही. आता तोच रुमाल दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांनी धरून ओढावा. तो लगेच लांबतो आणि मध्ये अरुंद होतो. तिरक्या दिशेला ओढ सहन करणारा धागाच नसतो. ताणा व बाणा एकमेकांवरून सरकतात आणि त्यांच्यामधील लहान लहान चौकोन दबून तिरपे होतात. शिंपी या तिरक्या कापाला उरेब म्हणतात. गळ्याच्या गोलाईला लावायची पट्टी ते मुद्दाम उरेब कापतात, कारण ती हवी तशी वळते. परंतु जो गुण गळ्याला उपयोगी पडतो, तोच त्रिकोणाला नडतो. चौकोन कर्णावर कापला की त्रिकोणाची सर्वांत लांब बाजू उरेब होते, आणि शिवताना बोटांच्या नुसत्या ओढीनेही ती ताणली जाते.

यावर शिवणकाम करणाऱ्यांनी फार साधी युक्ती काढली आहे. त्रिकोण कापून मग शिवायचे नाहीत; आधी शिवायचे आणि मग कापायचे. कात्री फिरण्यापूर्वीच तिरक्या रेषेला दोऱ्याचा आधार मिळालेला असतो, त्यामुळे ती ताणली जाण्याची संधीच उरत नाही.

कृती अशी. एक गडद रंगाचा व एक फिक्या रंगाचा, असे सुती कापडाचे दोन चौरस घ्यावे. प्रत्येकाची बाजू 5 इंच असावी. जाड पुठ्ठ्याचा 5 इंची चौरस करून त्यावरून सर्व तुकडे आखावेत. आधीचा तुकडा पाहून पुढचा, त्यावरून त्याच्या पुढचा, असे कापू नये. प्रत्येक वेळी थोडी चूक वाढत जाते आणि दहावा तुकडा पहिल्याला ओळखही दाखवीत नाही. दोन्ही चौरस सुलट बाजू आत करून एकमेकांवर बरोबर ठेवावेत. वरच्या कापडावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने कर्ण आखावा. या रेषेवर शिवायचे नाही. तिच्या एका बाजूला पाव इंचावर एक टीप घालावी आणि दुसऱ्या बाजूला पाव इंचावर दुसरी. हाताने शिवत असल्यास टाके बारीक घ्यावेत व दर तीन-चार टाक्यांनंतर एक टाका मागे घ्यावा, म्हणजे शीव उसवत नाही. आता कात्रीने पेन्सिलीच्या रेषेवर कापावे. दोन जोडत्रिकोण हाती येतात. ते उघडले की प्रत्येकातून एक चौरस तयार होतो, अर्धा गडद आणि अर्धा फिका. आतली शीव गडद कापडाच्या बाजूला वळवून इस्त्रीने किंवा नखाने दाबावी, म्हणजे ती फिक्या कापडातून दिसत नाही. इस्त्री वरून दाबून उचलावी. मागे-पुढे ओढली तर ती पुन्हा तेच ताणण्याचे काम करील.

हा चौरस मोजला तर साडेचार इंचांहून किंचित मोठा भरतो. चारही कडा छाटून तो नेमका साडेचार इंचांचा करावा. छाटताना तिरकी शीव बरोबर कोपऱ्यांतून गेली पाहिजे, एवढे पाहावे. पुढे शेजारच्या तुकड्याशी जोडताना प्रत्येक बाजूचा पाव इंच शिवणीत जातो आणि वर दिसणारा चौरस 4 इंचांचा राहतो.

येथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. 5 इंचांच्या चौरसात 25 चौरस इंच कापड असते. त्यातले शेवटी दिसते 16 चौरस इंच. म्हणजे 9 चौरस इंच शिवणीत आणि छाटण्यात गेले. साधाच चौकोन लावायचा असता, तर साडेचार इंचांचा तुकडा पुरला असता आणि सव्वाचार चौरस इंचच खर्ची पडले असते. त्रिकोणाची हौस दुपटीहून महाग पडते. काटकसरीने संसार करणाऱ्या जुन्या स्त्रियांच्या गोधड्यांत चौकोन आणि पट्ट्याच अधिक का, याचे उत्तर या हिशेबात बरेचसे मिळते. कापड मुबलक असेल, तर गोष्ट वेगळी.

असे चार जोडचौरस झाले की मौज सुरू होते. जमिनीवर ते दोन-दोनच्या दोन ओळींत मांडावेत. चारही गडद कोन मध्यभागी आणले, तर टोकावर उभे असलेले मोठे शंकरपाळे दिसते. गडद कोन बाहेर फिरवले, तर तेच शंकरपाळे फिके होते. चारही तुकड्यांचे तोंड एकाच दिशेला ठेवले, तर करवतीचे दाते किंवा डोंगरांची रांग उमटते. आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा एका वळणाने फिरवून ठेवला, तर जत्रेत मिळणारे भिरभिरे तयार होते. प्रत्येक तुकडा चार प्रकारे ठेवता येतो, तुकडे चार, म्हणून 4 × 4 × 4 × 4, म्हणजे एकूण 256 मांडण्या होतात. त्यांतील कित्येक फिरवून पाहिल्यास सारख्याच ठरतात, तरीही एका संध्याकाळी त्या मांडून संपणार नाहीत. शिवण्यापूर्वी तुकडे जमिनीवर मांडून दुरून पाहण्याची रीत याचसाठी आहे.

चार तुकडे जोडले की 8 इंचांचा एक घर तयार होतो. बाळाचे दुपटे 40 इंच लांब आणि 32 इंच रुंद करायचे असेल, तर अशी 5 × 4 म्हणजे 20 घरे लागतात; त्यांसाठी 80 जोडचौरस, आणि त्यांसाठी 40 गडद व 40 फिके चौरस. लांबीच्या एका ओळीत दहा जोडचौरस येतात. प्रत्येक जण शिवणीत केवळ, समजा, एक-अष्टमांश इंच जास्त घेऊन बसला, तर ती ओळ सव्वा इंच आखूड होईल आणि शेजारच्या ओळीशी तिचे पटणार नाही. पाव इंच म्हणजे पाव इंचच, हा आग्रह त्यासाठी.

कापडाची निवडही विचाराने करावी. नवे कापड आधी धुऊन वाळवावे. ते आटायचे असेल तर आधीच आटते आणि रंग जायचा असेल तर आधीच जातो. अगदी विरलेल्या कापडाशेजारी नवे दणकट कापड लावू नये. धुताना नवे कापड जुन्याला ओढते आणि फाटते ते जुने. हिमरूचा तुकडा कितीही मोहक वाटला, तरी रोज धुण्याच्या गोधडीत तो न घातलेला बरा. सूत व रेशीम यांचे ते वस्त्र सुती चिंध्यांबरोबर नांदत नाही.

वरची चादर तयार झाली की खालचे लुगडे जमिनीवर ताणून अंथरतात, त्यावर मधले थर सुरकुती न पडू देता पसरतात आणि शेवटी चादर ठेवतात. मग धावदोरा सुरू होतो. बाहेरच्या कडेने एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी, असे करीत सुई मध्यापर्यंत जाते. बसणाऱ्या दोघी असल्या तर दोन बाजूंनी काम चालते. टाक्यांच्या या ओळींमुळे आतले थर गोळा होत नाहीत, आणि थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे ऊब टिकते.

त्रिकोणाचा सर्वांत देखणा उपयोग मात्र पाहायचा असेल, तर गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात गेले पाहिजे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील जंगलांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतील पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तेथून निसटून त्यांनी या रानांचा आश्रय घेतला. मलिक अंबरही लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला. वाटा निराळ्या, पण खंड तोच. सिद्दी लोकांच्या घरगुती बोलीत कोकणी, मराठी व कन्नड यांचे मिश्रण आढळते.

सिद्दी स्त्रियांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या वरची चादर वेगळी शिवत नाहीत. खालच्या कापडाच्या एका कोपऱ्यापासून आरंभ करून, तुकड्याची कड आत मुडपून, एकामागून एक तुकडे थेट लावत व धावदोरा घालत त्या कडेकडेने आत येतात. जोडणे आणि शिवणे अशी दोन कामे एकाच दोऱ्याने उरकतात. मोजपट्टी लागत नाही. पुढचा तुकडा कोणता, हे त्या वेळी हात आणि डोळा ठरवतात. आणि चारही कोपऱ्यांवर त्या कापडाचे लहान तुकडे दुमडून त्रिकोणी फुले बसवतात. त्यांना फुला म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. ती उघडी राहिली असे त्या म्हणतात. या फुलांचा ऊब देण्याशी काही संबंध नाही. पण कवंदी कोठेही पाहिली, तरी डोळा प्रथम त्या चार कोपऱ्यांकडेच जातो.

अशी फुले साध्या गोधडीलाही लावता येतात. 3 इंचांचा चौरस कर्णावर दुमडावा, म्हणजे त्रिकोण होतो. तो पुन्हा अर्धा दुमडावा. चार पदरी लहान त्रिकोण मिळतो आणि त्याच्या कापलेल्या सर्व कडा एकाच बाजूला येतात. ती बाजू गोधडीच्या कडेच्या शिवणीत दाबून टाकली की बाहेर केवळ दुमडलेले, न उसवणारे टोक राहते.

कवंदी शिवत शिवत सुई मध्याशी पोहोचते, तेव्हा हातभराची मोकळी जागा उरते, मग वीतभर, मग एका तुकड्याएवढी. तो शेवटचा तुकडा बसवण्यापूर्वी काही सिद्दी स्त्रिया त्याच्याखाली तांदळाचे थोडे दाणे ठेवतात. कवंदीचे पोट रिकामे राहू नये म्हणून. मग कडा मुडपून चार टाके घालतात आणि दोरा दाताने तोडतात.