एकट्याचा डाव आणि जोडीचा डाव

आमच्या खानदेशांतील शेतकरी बैल घेतांना केवळ त्याची ताकद पाहत नाहीं. जुंवाखालीं जोडीदाराशीं त्याचें पाऊल जुळतें कीं नाहीं, हेंही पाहतो. टेनिसच्या खेळांतही हाच न्याय कसा लागू पडतो, तें लिअँडर पेस याच्या उदाहरणावरून आज सांगावयाचें आहे.

पेसचें घराणें मूळचें गोव्याचें. वडील वेस पेस १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकीसंघांत होते. लिअँडरनें १९९० सालीं विंबल्डनची कुमारांची एकेरी स्पर्धा जिंकली, तेव्हां मोठ्या आशा निर्माण झाल्या. परंतु मोठ्यांच्या चार प्रमुख स्पर्धांत तो एकेरींत तिसऱ्या फेरीपलीकडे कधींच गेला नाहीं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांतील कांस्यपदक हें त्याचें एकेरींतील मोठें यश. जागतिक क्रमवारींत मात्र ७३ व्या स्थानाच्या वर तो चढू शकला नाहीं.

याचें कारण मैदानाच्या मापांत सांपडतें. मैदान ७८ फूट लांब असतें. एकेरीसाठीं त्याची रुंदी २७ फूट, तर दुहेरीसाठीं ३६ फूट धरतात. म्हणजे रुंदी एक तृतीयांशानें वाढते, पण खेळाडू दुप्पट होतात. प्रत्येकाच्या वाट्यास २७ ऐवजीं १८ फूटच येतात. एकेरींत मागच्या रेषेवरून दीर्घकाळ जोरदार फटके मारावे लागतात; तेथें पेस उणा पडे. दुहेरींत जाळ्याजवळ उभें राहून चेंडू वरच्यावर परतविणें, प्रतिपक्षाचा बेत ओळखणें आणि जोडीदारास सांभाळून घेणें यांस महत्त्व असतें. तेथें त्याचा हात विजेसारखा चाले.

१९९४ सालीं हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धांत गौरव नाटेकर याच्यासह त्यानें दुहेरीचें सुवर्णपदक मिळविलें. हा गौरव सांगलीचे नामांकित बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचा पुत्र. १९९९ सालीं महेश भूपतीसह पेस चारही प्रमुख स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत पोहोंचला आणि फ्रेंच व विंबल्डन या दोन जिंकल्या. पुढें दोघांचें पटेनासें झालें, जोडी मोडली. तरी वेगवेगळ्या जोडीदारांसह त्याचीं एकंदर आठ दुहेरी आणि दहा मिश्र दुहेरी विजेतेपदें झालीं.

मीं जन्मभर मास्तरकी केली आणि प्रगतिपुस्तकावर मुलाचा एकट्याचा क्रमांक लिहीत आलों. एक मुलगा गणितांत नेहमीं मागें राही. पण शेजारच्यास उदाहरण समजावून देतांना त्याची बुद्धि उजळे. बोलतो म्हणून मीं त्याला बाकावर उभें केलें. आज वाटतें, त्याला मैदानच चुकीचें दिलें होतें.

जोडीचा डाव म्हणजे हरलेल्याचें आश्रयस्थान नव्हे. त्यालाही तितकीच मेहनत लागते. म्हणून जळगांव-धुळ्याच्या पालकांस एवढेंच सांगणें, कीं मुलाचा क्रमांक पाहून निराश होण्यापूर्वीं तो चौघांत काय करतो, तेंही एकदां पाहावें.