बुधवार पेठेचें मूळ नांव व कागदांचा काळनिर्णय

पुण्यांतील बुधवार पेठ औरंगजेबानें इ. स. १७०३ मध्यें वसविली. तिचें मूळ नांव मोहियाबाद. ‘बुधवार’ हें नांव तिला थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत (१७६१–७२) मिळालें. यावरून ‘बुधवार पेठ’ असा उल्लेख असलेला नानासाहेबकालीन कागद बनावटच, असें अनुमान करण्याचा मोह होतो. परंतु नक्कल करणारा जुन्या मजकुरांत स्वकालीन नांव सहज घालतो. तसेंच रूढ नांव लोकांच्या तोंडून एका दिवसांत जात नाहीं. सबब नांवाबरोबर अक्षर, शिक्का व कागदही तपासावा, असें आम्हांस वाटतें. दुसऱ्या बाजीरावानें बांधलेला बुधवार वाडा मे १८७९ मध्यें जळाला, व त्यांतील ग्रंथालयही. म्हणून या पेठेंतील घरोघरचा एकेक जुना कागद संग्राहकांनीं जपावा.