ओळखीची हाक

दिवाळीच्या सुमारास नागपूरबाहेर, सोयाबीन निघालेल्या वावरांत मेंढरं बसलेली दिसतात. खत मिळावं म्हणून शेतकरीच ती बसवून घेतात. उमरेड रस्त्याला एका तळ्यावर मी दोन कळप एकमेकांत मिसळलेले पाहिले. आता ही निवडायची कशी, असं मला झालं. एक मेंढका बांधावर चढला, घशातून त्याने लांब हाक दिली आणि वळून चालू लागला. मागे पाहिलंसुद्धा नाही. त्याची मेंढरं गर्दीतून वाट काढत त्याच्यामागे गेली. दुसऱ्याच्या मेंढरांनी पाण्यातून तोंड वर काढलं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो, ते याच अर्थाने. हा मेंढपाळ मागून हाकत नाही. नावाने बोलावतो आणि पुढे चालतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात तर शंभरांतलं एक हरवलं म्हणून नव्याण्णव रानात सोडून निघतो. रोममध्ये प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत, तिसऱ्या शतकातल्या चित्रात, खांद्यावर जनावर घेतलेला मेंढपाळ आहे. क्रूसावरच्या ख्रिस्ताचं चित्र रूढ झालं ते त्यानंतर पुष्कळ काळाने.

नागपुरात ही हाक घेऊन आले मिशनरी स्टीफन हिस्लॉप. जन्म १८१७चा, स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या डन्सचा. तो मुलूखच मेंढ्यांचा. मेंढपाळ देवाचं तेविसावं स्तोत्र तिथे १६५०पासून छंदात बांधून गायलं जाई. १८४५मध्ये हिस्लॉप इथे आले आणि तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राज्यात, पुढच्याच वर्षी त्यांनी शहरात शाळा काढली. खडक, जीवाश्म, गोंडी गाणी, सगळ्यांत त्यांचा जीव रमे. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या प्रवाहात ते बुडाले. घोडा रिकामाच परतला. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३मध्ये शहरातल्या महाल भागात सुरू झालं.

शिकायला मुलं आली, पण त्या हाकेमागे गेलेले थोडे. शब्द मराठी झाले तरी घसा परका होता, असं मला वाटतं. देवाने मेंढरं राखावीत यात आपल्याला नवल नव्हतंच. बाणाईसाठी खंडोबा धनगराच्या घरी राबला, त्याने मेंढरं राखली, ही कथा वाघ्या-मुरळी रात्र रात्र जागवतात.

ओळखीचा घसा मिळाला तो नारायण वामन टिळकांचा. ते नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही; तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त गुरू झाला, माउली झाला. १९१९मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

मराठी ख्रिस्ती घरांत धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणतात. मेंढरं पाळणारा, तो पाळक. मात्र त्याच्यासमोरच्या माणसांना कळप म्हणत नाहीत, 'मंडळी' म्हणतात. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. पाळकाची जबाबदारीही लहान नाही: यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायात कळपाला उपाशी ठेवून स्वतः खाणाऱ्या मेंढपाळांना देवाने कडक शब्दांत सुनावलं आहे.

ओळखीच्या एका घरी आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. लेकीचंही नाव त्यांना आठवत नसे. दर रविवारी दुपारी पाळकसाहेब चपला काढता काढता दारातूनच त्यांना नावाने हाक मारत. आजी भिंतीकडची मान हळूहळू दाराकडे वळवीत.