शहराच्या हवेत आपल्या शेगडीचा वाटा

शहराची हवा बिघडली की आपले बोट प्रथम रस्त्याकडे वळते. मोटारी, रिक्षा, कारखान्यांची धुराडी हे तर डोळ्यांना दिसणारे दोषी. परंतु हवेतील हायड्रोकार्बने, म्हणजे केवळ कार्बन व हायड्रोजन यांची बनलेली संयुगे, बहुधा दिसत नाहीत. पेट्रोलची वाफ, रंगकामातील थिनर, स्वयंपाकाचा गॅस, इतकेच काय, कपाटातील डांबराच्या गोळ्या यांतूनही ती हवेत मिसळतात. न दिसणाऱ्या वायूचे उगमस्थान कसे शोधतात, हे मेक्सिको सिटीच्या उदाहरणावरून चांगले समजते. आणि त्या शोधाचा धागा थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोलगट प्रदेशात हे महानगर वसले आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथील हवेतील ओझोन कुप्रसिद्ध होता. आकाशातील ओझोन अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र श्वासमार्गाचा दाह करतो. तो धुराड्यातून तयार होऊन बाहेर पडत नाही. हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की तो हवेतच जन्मतो. म्हणूनच दमा किंवा जुनाट श्वासविकार असणाऱ्या ज्येष्ठांनी कडक उन्हाच्या दिवसांत दुपारचे चालणे टाळलेले बरे.

ओझोन घटवायचा तर हायड्रोकार्बने कोठून येतात, हे आधी कळावयास हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील डोनाल्ड ब्लेक आणि शेरवुड रोलंड यांनी निर्वात केलेले पोलादी डबे शहरात ठिकठिकाणी उघडून त्यांत हवा भरून घेतली आणि प्रयोगशाळेत तिच्यातील एकेक घटक वेगळा करून मोजला. मुरलेली सुगरण आमटीच्या वासावरून मसाल्यात काय किती पडले ते सांगते, तसेच हे शास्त्र आहे. आयसोपेंटेन विपुल असेल तर पेट्रोलची वाफ, ॲसिटिलीन असेल तर जळलेल्या इंधनाचा धूर, टोल्युईन अधिक असेल तर रंग व द्रावके यांचा संशय घ्यावा. झाडेसुद्धा दिवसा आयसोप्रीन सोडतात!

मेक्सिको सिटीच्या हवेत प्रोपेन आणि ब्युटेन यांचे प्रमाण विलक्षण आढळले. ही तर घरगुती गॅसची, एलपीजीची, खूण. तोही जळलेला नव्हे, तर टाक्या, जोड, नळ्या आणि शेगड्या यांतून न जळताच निसटलेला. हे निष्कर्ष १९९५ च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. (त्याच वर्षी रोलंड यांना आकाशातील ओझोनवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, सहविजेत्यांपैकी मारिओ मोलिना यांचा जन्म मेक्सिको सिटीतलाच.) लक्षावधी घरांतील किरकोळ गळती एकत्र आली की ती सबंध शहराच्या हवेत मोजता येते, हे यातून दिसले.

शहराच्या हिशेबात एका घराची गळती नगण्य असेल. वृद्ध माणूस एकटा राहतो त्या घरात ती नगण्य नाही. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. ही सारी योजना आपल्या नाकावर भिस्त ठेवते, आणि वाढत्या वयात नेमके तेच मंदावते. पार्किन्सन व अल्झायमर या विकारांत तर घ्राणशक्ती पुष्कळदा आधीच क्षीण झालेली असते आणि त्या व्यक्तीला त्याचा पत्ताही नसतो. सांभाळ करणाऱ्यांनी आजी-आजोबांना डोळे मिटायला सांगून हिंग, कॉफी, लिंबाची साल हुंगायला द्यावी. ओळखता आले नाही, तर गॅसचा वास त्यांना येईलच असे गृहीत धरू नये.

अशा घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवणे मला चैनीचे वाटत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचे यंत्र खाली, जमिनीजवळ लावावे. नळाने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, तो हलका; त्याचे यंत्र छताजवळ हवे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातील एका ठरावीक व्यक्तीकडे असावे. गळतीची शंका आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू दिवाही मालवू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, ज्येष्ठांना बाहेर न्यावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून मुख्य दरवाजाच्या बाहेरच्या बाजूस लावावा.